मेलेल्यांच्या खेळातली पाउणकी

आमच्या घराच्या माडीवर दोन वर्षं मेलेली माणसं चालत होती. मी खाली भात लावत असायची आणि वरून त्यांचं कण्हणं ऐकू यायचं. ते कण्हणं माझ्या मुलीचंच. ती आणि तिची मैत्रीण माईकसमोर बसून आळीपाळीने घसा खरवडायच्या, मग तो आवाज कॉम्प्युटरमध्ये घालून जाड करायच्या. शेजारच्या काकू एकदा दारात येऊन विचारून गेल्या, पोरीला बरं नाही का म्हणून. मी काय सांगणार. म्हटलं, सर्दी झालीय.

मुलगी गेम बनवत होती. खेळण्याचा नव्हे, बनवण्याचा धंदा. आधी मालाडला एका ऑफिसात दुसऱ्यांच्या गेमची चित्रं काढायची, ती नोकरी सोडून तिने स्वतःचा गेम काढायला घेतला. चित्रं ती काढायची आणि मैत्रीण कोड लिहायची. कोड म्हणजे चित्रांनी कसं वागायचं त्याचे हुकूम, असं मला समजलं. मैत्रीण बेव्हर्ली पार्कच्या सोसायटीतली, घरी गुजराती बोलणारी, आमच्याशी हिंदी. रोज सकाळी रिक्षाने मुर्ध्याला, आमच्या गावात यायची, चप्पल जिन्याखाली काढायची आणि वर जायची. एकीशिवाय दुसरीचं काहीच हलत नव्हतं. हुकूम नसतील तर माझ्या मुलीची माणसं नुसती उभी राहणार.

गेम असा होता: एक रोग येतो, माणसं मरतात, मग उठून चालायला लागतात आणि जिवंत माणसांना चावतात. खेळणाऱ्याने जगून दाखवायचं. सुरुवातीला आपण कोण व्हायचं ते निवडायचं. कोळीण, मिठागरातली बाई, काशीमीऱ्याला अडकलेला ट्रक ड्रायव्हर, नर्स. ज्याचं जे कसब ते त्याच्याजवळ. ड्रायव्हरला इंजिन कळतं, नर्सला जखम बांधता येते. जसजसे जगू तसतसं कसब वाढतं, दुसऱ्याचंही थोडं थोडं शिकता येतं. गाव आमच्यासारखंच. नाव दिलेलं नव्हतं, पण खाडी, तिवरं, मिठागराचे बांध, पलीकडे अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगी, सगळं तेच. फक्त माणूस नाही.

चहा द्यायला वर गेले की मी दारातच उभी राहायची. आत जायला लाज वाटायची. पण बघायची. एका कावळ्यासाठी माझी मुलगी तीन दिवस बसली होती. कावळा पत्र्यावर उतरताना आधी पाय पुढे करतो, मग पंख मिटतो, मग एकदा मान तिरकी करतो. मी जन्मभर कावळे बघितले, हे कधी बघितलं नव्हतं. एकदा एक मेलेला माणूस जिन्यावरून पडायचा होता. तो पडला की मैत्रीण म्हणायची, "नहीं, ये हल्का गिर रहा है।" मग पुन्हा पडायचा. दिवसभर तो बिचारा पडत होता. मला वाटायचं, देवाने हे सगळं जग केलं तेव्हा त्यालाही असंच एकेक बघावं लागलं असेल. कोण कसं पडेल, पाणी कसं चमकेल, सावली कुठे जाईल. मी खाली येऊन भांडी घासायची आणि भांड्यावरच्या पाण्याकडे बघत राहायची.

मुलीने एकदा मला खेळायला बसवलं. हातात कोयता दिला, म्हणजे पडद्यावर. एक मेलेली बाई माझ्याकडे यायला लागली. अंगावर साडी, पदर खांद्यावरून ओघळलेला.

"आई, मार ना."

"अगं, कुणाची तरी बाई हाय ती."

"ती मेलीय आई."

"मग मेलेल्या बाईला कशाला मारायची?"

ती बाई मला चावली आणि मी मेले. मुलगी हसून हसून खुर्चीवरून घसरली. आमचे हे गॅरेजमधून जेवायला आलेले, त्यांनी मागून बघितलं. म्हणाले, "ही कसली भुतं? आपल्या स्टेशनच्या पुलावर रोज सकाळी अशीच चालतात. त्यांना कोन मारतं?"

हसणं तेवढंच. पुढे काळजी लागली.

पावसाळा सरल्यावर दोघींनी पहिल्यांदा बाहेरच्या माणसांना गेम खेळायला दिला. मैत्रिणीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाच-सहा जणांना बोलावलं. संध्याकाळी मुलगी घरी आली ती न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी मैत्रीण आली तेव्हा मला कळलं. लोकांनी खेळायला घेतला, दहा मिनिटं कोयता चालवला आणि ठेवून दिला. छान दिसतंय म्हणाले. घाबरलं कोणीच नाही. एकाने तर खेळता खेळता फोनवर जेवण मागवलं.

त्यातच मैत्रिणीला हैदराबादच्या एका मोठ्या ऑफिसातून बोलावणं आलं. चांगली नोकरी. तिच्या घरचे तिच्यामागे लागले. तिने माझ्या मुलीला स्पष्ट सांगितलं, दोघी मैत्रिणी असल्या तरी हे बरं केलं तिने. म्हणाली, आणखी एकदा लोकांना बोलावू, डिसेंबरातल्या एका रविवारी. सोमवारी मला हैदराबादला उत्तर द्यायचंय. लोक बसून राहिले तर मी राहीन. उठून गेले तर मी जाईन, आणि तू मला अडवायचं नाही.

माझ्या मुलीने हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. ती गेली तर गेम तिथेच थांबणार होता, सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतरच्या दिवसांत माडीवरून कण्हणं येईना, भांडणं यायची. मेलेले जास्त करू, जोरात पळवू, रक्त वाढवू. असं एक दुपारी चाललं होतं आणि मी बोंबलाची चटणी-भाकरी घेऊन वर गेले. पडद्यावर खाडी होती. ऊन पडलेलं, पाणी काठोकाठ भरलेलं. मी रोज बघायची ती खाडी, पण त्या दिवशी कोणी बोलत नव्हतं म्हणून असेल, माझ्या तोंडून निघालं.

"हे पानी सरत न्हाय का कधी?"

"ते नुसतं पाणी आहे आई. दिसायला."

"रोज भरलेलंच?"

"हो."

"आणि मेलेले रस्त्यानेच का येतात? खाडीतून का न्हाय येत?"

मुलगी वैतागली होती. "त्यांना पाण्यात चालता येत नाही."

"मग सुकतीला येतील की."

सुकती म्हणजे आमच्याकडे ओहोटी. मुलीला शब्द माहीत होता, मैत्रिणीला नव्हता. तिने खुर्ची फिरवली आणि विचारलं, "आंटी ने क्या बोला?" मुलीने सांगितलं. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं काहीतरी चुकीचं बोलले. ताट ठेवून खाली जायला निघाले तर मुलीने हात धरला.

"थांब. सुकतीला काय होतं ते नीट सांग."

मी दाराच्या चौकटीला धरून सांगितलं. पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो. गाळात सवय नसलेला माणूस गुडघ्यापर्यंत जातो, पाय ओढायला गेला की चप्पल आत राहते. मेलेल्यांना काय कळणार, ते चालतच राहतील आणि रुततील. उभेच्या उभे. मग भरती येईल. पाणी कमरेला, मग गळ्याला, मग नुसते केस दिसतील. आणि पुन्हा सुकती झाली की तिथेच उभे असतील, थोडे पुढे आलेले.

मैत्रीण हळूच म्हणाली, "थोड़ा आगे आए हुए।" तिने भाकरीला हात लावला नाही, सरळ कळफलकाकडे वळली.

आठ दिवसांत खाडी चालू झाली. खरंच चालू झाली. सकाळी बघितली तर गाळ, दुपारी बघितली तर पाणी. गाळात मेलेले उभे, त्यांच्या खांद्यावर बगळे बसलेले. बगळे माझ्या मुलीने घातले होते, कोणी न सांगता. मी बघितलं आणि हातातली केरसुणी खाली ठेवली. भीती वाटली, पण नजर हटेना. खेळणाऱ्याचं घर आता मिठागराच्या मधोमध होतं, राखणदाराची झोपडी. भोवतीने मिठाचे वाफे. बांधाला उघाडी होती, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार, त्यात लाकडी फळ्या. भरतीला फळ्या काढायच्या, वाफे भरून घ्यायचे, आणि पाणी पुरतं चढलं की परतायच्या आत फळ्या टाकायच्या. मग झोपडीभोवती पाणी राहतं आणि मेलेल्यांना येता येत नाही. लवकर टाकल्या तर पाणी कमी, उशीर केला तर आलेलं पाणी निघून जातं.

ही उघाडी मी सांगितली होती. माझे वडील मिठागरावर हेच काम करायचे.

मुलीने विचारलं, पाणी कधी पुरतं चढेल ते त्यांना कसं कळायचं. मी म्हटलं, पाउणकीने. तिला पाउणकी माहीत नव्हती. तिच्या शाळेत नव्हतीच. मी चौथीपर्यंतच शिकले, पण पाउणकी मला वडिलांनी शाळेच्या आधीच पाठ करून घेतली होती. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चौथ असेल तर चार पाऊण तीन, तीन वाजता. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. पुनवेला किंवा अवसेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दिवसाही तीच वेळ, रात्रीही तीच. मिठागरात पाणी उधाणाचंच घेतात, पुनव-अवसेच्या आसपास. त्या दिवशी मी वडिलांची भाकरी घेऊन बांधावर जायची. ते लांबूनच ओरडून विचारायचे, "आज किती गो?" आणि मी चालता चालता म्हणायची, "चौदा पाऊण साडेदहा."

मैत्रिणीने मोबाईलवर बंदरातल्या भरतीच्या वेळा काढून चार तिथ्या ताडून बघितल्या. तिचे डोळे मोठे झाले. "आंटी, ये तो करीब-करीब सही है। बिना किसी मशीन के।" मला कळेना यात नवल काय. माझ्यासाठी तो पाढा होता, दोनाचा असतो तसा. पण ती इतका वेळ त्या आकड्यांकडे बघत बसली की मलाही ते नवे वाटायला लागले. आकाशात चंद्र फुगतो, खाडीत पाणी चढतं आणि मधे चौथी शिकलेल्या पोरीच्या तोंडात एक पाढा. हे तिघं एकमेकांना धरून आहेत, हे मला साठीला आल्यावर कळत होतं.

त्यांनी ठरवलं की मिठागरातली बाई निवडली तर तिला पाउणकी येते. चंद्र बघून तिथी ओळखायची आणि ती बाई पाढा म्हणते. आवाज हवा होता. मुलगी म्हणाली, तुझाच. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मी दुकानात सुद्धा बोट दाखवून वस्तू मागते, भाकरीला पीठ हवं म्हणायला मला घाम फुटतो. माझा आवाज परक्या माणसांनी ऐकायचा? शेवटी मी अट घातली, खोलीत कोणी नको. त्यांनी खिडक्यांना गोधड्या लावल्या, माईक ठेवला आणि दोघी जिन्यात जाऊन बसल्या. मी भिंतीकडे तोंड करून एकपासून पंधरापर्यंत पाउणकी म्हटली. बाहेर आले तर मैत्रीण पायरीवर डोळे पुसत होती. तिला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं.

रविवार तीन दिवसांवर आला आणि सगळं फिसकटलं.

गुरुवारी मैत्रिणीने तिच्या चुलतबहिणीला खेळायला बसवलं. ती पोरगी हुशार. तिने चंद्र बरोबर ओळखला, पाढा ऐकला, सांगितल्या वेळेला फळ्या टाकल्या. वाफ्यांत पाणी गुडघ्याएवढंच आलं होतं. सुकती लागली आणि मेलेले त्या गुडघाभर पाण्यातून पाणी उडवत चालत आले. पुन्हा खेळली, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिने हेडफोन काढले. "ये बुढ़िया झूठ बोलती है," म्हणाली. मी दारातच होते. तिने मला बघितलं नव्हतं.

मग उलगडा झाला. मैत्रीण फार काटेकोर. तिने गेममधलं पाणी पाउणकीवर सोडलंच नव्हतं. आमच्या खाडीच्या आतल्या पाण्याच्या खऱ्या वेळा कुठून कुठून मिळवून त्या घातल्या होत्या. पाढा एक सांगत होता आणि पाणी पाऊण तास उशिरा चढत होतं. ती मला म्हणाली, फार सांभाळून म्हणाली, "आंटी, पुराना हिसाब है। थोड़ा इधर-उधर होता है।" मुलगी म्हणाली, आवाज काढून टाकू, घड्याळ दाखवू पडद्यावर. मैत्रीण म्हणाली, घड्याळ दाखवलं तर मग ते पुन्हा आधीसारखंच होईल. घड्याळ बघून कोण घाबरतं. रविवार जवळ होता आणि हातात काही नव्हतं.

मला आवाज काढल्याचं दुःख नव्हतं, उलट सुटले असते. पण वडील चुकीचा हिसाब करत होते, हे मनाला पटेना. त्यांचे वाफे कधी रिकामे राहिले नव्हते.

शुक्रवारी द्वादशी होती. बारा पाऊण नऊ. नवाच्या आधी मी मागच्या वाटेने खाडीवर गेले. तिथे आता मिठागर थोडंच उरलंय, एका बाजूला भराव टाकून पत्रे ठोकलेत. जुनी उघाडी आहे अजून, सिमेंटची, फळ्या केव्हाच गेल्या. पत्र्यापाशी बसलेल्या वॉचमनने विचारलं, "माई, क्या चाहिए?" मी मान हलवली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. पाण्याच्या कडेला गाळात एक काटकी खोचली. नऊ वाजले. पाणी काटकीच्या पुढे गेलं. सव्वानऊ झाले, पाणी चढतच होतं. मी दुसरी काटकी खोचली, जरा वरच्या अंगाला. म्हणजे पोरी खरं सांगत होत्या. पाय दुखायला लागले म्हणून मी बांधावर बसले.

आणि बसल्यावर मला दिसलं.

वडीलही बसायचे. मी पाढा म्हणायची, ते ऐकायचे, मान डोलवायचे आणि बसायचे. फडकं सोडायचे, भाकरी मोडायचे. सावकाश जेवायचे, सुक्या मासळीचा काटा न् काटा बाजूला काढून. मला घाई असायची, घरी भावाला सांभाळायचं असायचं. मी म्हणायची, बाबा, वेळ झाली ना, फळ्या टाका. ते म्हणायचे, "पानी चालत येतंय गो. दर्यातून खाडीत, खाडीतून नाल्यात. त्याला येळ लागतो. मला जेवू दे." जेवण झालं की तिथेच हात धुवायचे, एक विडी ओढायचे, मग उठून फळ्या टाकायचे. मी समजत होते ते भूक लागते म्हणून जेवतात. उधाण आमच्याकडे येतंच दुपारच्या जेवणाच्या सुमारास, म्हणून कधी शंका आली नाही. पाढा दर्याचा होता. दर्यापासून आमच्या उघाडीपर्यंतचा हिसाब त्यांच्या जेवणात होता. अर्धा हिसाब त्यांनी मला पाठ करायला दिला आणि अर्धा ते माझ्यासमोर बसून रोज खात होते. मी इतकी वर्षं अर्धाच घेऊन फिरत होते, आणि पोरींना अर्धाच दिला.

पावणेदहाला दुसऱ्या काटकीपाशी पाणी थांबलं. थोडा वेळ हललंच नाही. वरचा पाला जागच्या जागी होता. मग तो हळूच उलटा निघाला. मी साठ वर्षं त्या पाण्याशेजारी राहिले आणि त्या दिवशी बांधावर बसून पहिल्यांदा त्याला परतताना बघितलं.

घरी आले ती चप्पल न काढता माडीवर गेले. मुलगी नव्हती, मैत्रीण एकटी होती. मला हिंदी धड येत नाही, पण थांबवेना.

"मेरा बाप खाना खाता था," मी म्हटलं.

"हाँ आंटी?"

"पाढा बोलने का. फिर खाना खाने का. पूरा. फिर बिडी. फिर फळी डालने का. पहले नहीं."

मी हाताने भाकरी मोडून दाखवली, हात धुतल्यासारखं केलं, विडी ओढल्यासारखं केलं. तिने विचारलं, "कितनी देर खाते थे?" मी म्हटलं, पाऊण घंटा. तिने डोक्याला हात लावला. तिला जी गोष्ट इतका शोध घेऊन सापडली होती ती एका मिठागराच्या माणसाने भाकरीत बांधून ठेवली होती. ती म्हणाली, "आंटी, आपके पापा को मिलना था मुझे।" मी म्हटलं, ते फार बोलत नसत. ती म्हणाली, "चलेगा।"

शनिवारी मी पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. एकच वाक्य बोलायचं होतं. "जेवून घे, मग फळी टाक." मुलीने जेवण काढलं, म्हणजे चित्रात. फडकं, भाकरी, सुक्या मासळीचा तुकडा. खेळणाऱ्याने बांधावर बसायचं आणि घास घ्यायचा. समोर गाळात मेलेले, पाणी त्यांच्या कमरेला लागलेलं, आणि आपण जेवतोय. उठून पळालो तर हिसाब चुकला.

रविवारी हॉलमध्ये मी चहाचा थर्मास घेऊन गेले, तेवढंच कारण. एका खांबाच्या मागे खुर्ची घेतली. दहा-बारा अनोळखी माणसं आली, सहा कॉम्प्युटर मांडलेले. थोड्या वेळाने माझा आवाज यायला लागला, एका बाजूने सहा पाऊण, दुसऱ्या बाजूने तेरा पाऊण. मला जमिनीत जावंसं वाटलं. दोघंजण लवकर उठले. एकाने जाताना म्हटलं, "बसून काय जेवायचं, गेम आहे की खानावळ." माझी मुलगी हसली, पण तिचा चेहरा मला माहीत आहे. मैत्रीण भिंतीला टेकून उभी होती. ती पडद्याकडे बघत नव्हती, खेळणाऱ्यांच्या पायांकडे बघत होती. कुणाचे पाय हलतायत, कोण उठायच्या बेतात आहे. मीही तिकडेच बघायला लागले.

एक बाई होती, तिशीची, ऑफिसातून येते तशी पर्स मांडीवर. तिचे पाय सतत हलत होते. ती दोनदा मेली. दोन्ही वेळा ती जेवता जेवता उठली होती आणि फळ्या टाकल्या होत्या. मला वाटलं आता जाईल. तिसऱ्यांदा ती बांधावर बसली आणि घास घेतला. मेलेले समोर. पाणी छातीला. एक मेलेला बांधापासून दोन हातांवर, त्याचा हात वर आलेला. तिने दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. तिचे पाय थांबले. शेजारचा स्वतःचा खेळ सोडून तिच्या पडद्याकडे बघायला लागला, मग त्याच्या पलीकडची. पाणी त्या मेलेल्याच्या गळ्याला आलं, मग केस तेवढे राहिले. तिने हात धुतले. पाणी थांबलं. तिने फळ्या टाकल्या, एकेक करून, आणि मागे टेकून तोंडावर हात ठेवला.

"ये लेडी कौन है," तिने विचारलं, "जो खाने को बोलती है?"

मुलीने खांबाकडे बघितलं नाही. म्हणाली, "माझी आई आहे." यासाठी मी तिची ऋणी आहे, की तिने बोट दाखवलं नाही.

त्यानंतर कोण किती वेळ बसलं ते मला नीट सांगता येणार नाही. चहा निवला. वॉचमन हॉल बंद करायला आला तेव्हा चौघं अजून बांधावर बसून जेवत होते.

मैत्रीण त्या दिवशी काही बोलली नाही. आम्हाला रिक्षात बसवून देताना तिने मुलीला नुसतं थोपटलं. घरी मुलगी म्हणाली, विचारू नको. मी विचारलं नाही. मैत्रिणीच्या घरच्यांचं काही चुकत नव्हतं. हैदराबादची खुर्ची पक्की होती आणि आमच्या माडीवर काहीच पक्कं नव्हतं. तिने जायचं ठरवलं असतं तर मीच तिला डबा बांधून दिला असता. सोमवारी सकाळपासून मुलगी खिडकीत उभी होती, मी मासळी साफ करत होते आणि दोनदा बोट कापून घेतलं.

नेहमीच्या वेळेपेक्षा मैत्रीण उशिरा आली. जिन्याखाली चप्पल काढली. वर जाता जाता माझ्यापाशी थांबली.

"मना कर दिया आंटी. सुबह-सुबह."

एका शिकलेल्या मुलीने माझ्या बापाच्या जेवणाच्या भरवशावर एवढी मोठी नोकरी सोडली होती.

"मम्मी बोलली काही?" मी विचारलं.

"बहुत बोली." ती खाली बसली आणि माझ्या कापलेल्या बोटाकडे बघितलं. "आपको डर लग रहा है?"

"हां."

"मुझे भी," ती म्हणाली आणि वर गेली.

थोड्या वेळाने वरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग दोघींचं बोलणं. गेममधल्या खाडीच्या पलीकडच्या काठावर कोण राहतं ते अजून ठरलंच नाही, असं काहीतरी. मी बोटाला चिंधी बांधली आणि तांदूळ काढले, चौघांचे.